मोठ्यांसाठीचं गारेगार

उन्हाळ्यात मोठ्या माणसांसाठी दारू घातलेली गारेगार कांडी करावी का, आणि केली तर तिच्यात लहान मुलांच्या रंगीत गोळ्या भराव्यात का, हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. अमेरिकेत ही हौस जोरात आहे. साच्यात जेलीची अस्वलं टाकायची, वरून वाइन किंवा व्होडका घातलेलं सरबत ओतायचं आणि रात्रभर गोठवायचं. आपल्याकडच्या घरगुती पार्ट्यांतही ती आली आहे. गोव्यात तर तिला हुर्राक आयतीच मिळाली.

ज्यांनी काजूचा हंगाम जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मार्चपासून बोंडू, म्हणजे काजूची फळं, पिकून गळायला लागतात. बी वेगळी करून बोंडू कातळातल्या टाकीत तुडवतात. तुडवलेल्या चोथ्यावर वजन ठेवलं की थेंब थेंब गळणारा स्वच्छ रस म्हणजे निरो. तो ताजा असताना घरातलं शेंबडं पोरसुद्धा पितं. टाकीतला रस दोन-तीन दिवस आंबला की भट्टीवर चढतो. पहिल्या धारेची ती हुर्राक, साधारण १५ टक्के अल्कोहोलची. तीच पुन्हा आंबलेल्या रसाबरोबर गाळली की फेणी, ४२ टक्क्यांच्या आसपास. फेणी वर्षानुवर्षं टिकते, हुर्राक पावसाच्या आधी संपवायची. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण एप्रिल-मेमध्ये गोवेकराच्या जिवाला ओढ असते ती हुर्राकीची.

माझ्या नात्यातली एक मुलगी पणजीला हॉटेलच्या गोड पदार्थांच्या विभागात काम करते. तिचे मामा सावंतवाडीला मुलांचे डॉक्टर होते, आता निवृत्त आहेत. दोघांचं या विषयावर बोलणं झालं तेव्हा मी समोर होतो. ते इथे देतो आहे, आणि जिथे मला राहवणार नाही तिथे मधे बोलणारही आहे.

भाची : मामा, आधी नीट ऐकून घ्या. हुर्राक आपल्याकडे लिंबू-सोड्यात पितात, मीठ घालून, वर उभी चिरलेली हिरवी मिरची टाकून. मी तेच मिश्रण गोठवते. आत चार गोळ्या घालते, म्हणजे चोखताना दाताखाली काहीतरी येतं. यात बिघडलं कुठे?

मामा : गोठवण्यात काही बिघडलं नाही. गोळ्यांचं नंतर बोलू. पण ते गोठतं तरी कसं? माझी फेणीची बाटली फ्रीजरमध्ये महिनाभर पडली तरी पातळच असते.

भाची : फेणी गोठणारच नाही. शुद्ध अल्कोहोल उणे ११४ अंशांना गोठतं आणि घरचा फ्रीजर उणे १८ ला थांबतो. मिश्रणात १० टक्के अल्कोहोल असेल तर उणे ४ च्या आसपास बर्फ धरायला सुरुवात होते, २० टक्के असेल तर उणे ९ च्या आसपास. सुरुवात, हं. पुरतं घट्ट व्हायला त्याच्या बरंच खाली जावं लागतं. त्यातून साखरही गोठणं लांबवते. नुसती हुर्राक ठेवली तर बर्फाचा चुरा होतो, काठीवर उभा राहत नाही. म्हणून मी सगळं मिळून पाच टक्क्यांच्या आत ठेवते.

मामा : म्हणजे बिअरइतकी.

भाची : हो, पण कांडी असते ८० मिलीलिटरची. तिच्यात शुद्ध अल्कोहोल तीन ग्रॅमच्या जवळपास येतं. तुमच्या फेणीच्या ३० मिलीच्या पेगात दहा ग्रॅम असतं. माझ्या तीन कांड्या खाल्ल्यात तर तुमचा एक छोटा पेग होईल. आणि तीन कांड्या खायला तास लागेल.

मामा : हा हिशेब मला आवडला. पण त्यात एक भोक आहे. बर्फाचा गोळा तू कसा खातेस? आधी सरबत ओढून घेतेस आणि मग हातात पांढरं बर्फ उरतं. तुझ्या कांडीचंही तेच होणार. पाणी आधी गोठतं, अल्कोहोल आणि साखर मागे राहते, ती बर्फाच्या कणांमधून पाकासारखी बसते. पहिल्या पाच मिनिटांत माणूस तोच पाक ओढून घेणार. तासभर कुठला?

इथे भाची थोडी थांबली, कारण मुद्दा खरा होता. वसाहतीच्या काळात अमेरिकेच्या ईशान्येकडचे शेतकरी सफरचंदाची आंबवलेली दारू हिवाळ्यात उघड्यावर ठेवायचे, वर धरलेलं बर्फ काढून टाकायचे आणि खाली उरलेली कडक दारू बाटलीत भरायचे. भट्टी न लावता नुसत्या थंडीने दारू कडक करण्याची ती रीत. सावकाश गोठणाऱ्या प्रत्येक कांडीत तेच घडत असतं. आपल्याकडे तर मे महिन्यात दोन तास वीज गेली की कांडी अर्धवट वितळते, पाक खाली उतरतो आणि वीज आल्यावर तशीच गोठते. मग टोकाला दारू आणि काठीजवळ फिकं बर्फ.

भाची : मान्य. नुसत्या पाणी-सरबतावर कांडी केली तर असंच होतं. म्हणून मी गर वापरते. उकडलेल्या कैरीचा, नाहीतर आंब्याचा. फळातलं पेक्टिन पाणी धरून ठेवतं, बर्फाचे कण बारीक राहतात आणि पाक सुटत नाही. आणि साच्यात ओतण्याआधी मिश्रण भांड्यात अर्धवट गोठवून, घुसळून, मग भरते. अशी कांडी ओढून घेता येत नाही, चाटावी आणि चावावीच लागते.

मामा : आणि वीज गेली तर?

भाची : तर त्या कांड्या पातेल्यात ओतायच्या, ढवळायच्या आणि पुन्हा साच्यात भरायच्या. आळस केला तर मात्र तुम्ही म्हणता तसं होईल.

मामा : ठीक. बर्फ तुझ्याकडे दिलं. आता गोळ्या.

खरा वाद इथून पुढे आहे. बर्फाबद्दल दोघांचं पटायला वेळ लागला नाही, कारण तिथे मोजमाप होतं.

भाची : जेलीची गोळी कोरडी घातली तर फ्रीजरमध्ये दगड होते, दात दुखावेल. ती रात्रभर हुर्राकीत भिजवली तर फुगते, मऊ राहते, उणे १८ लाही चावता येते. शिवाय दिसायला किती सुंदर! पांढुरक्या बर्फात लाल-हिरवे तुकडे. माणसं हातात घेतात आणि हसतात. मामा, दारूच्या टेबलावर लोक हसताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?

मामा : रात्री अकरानंतर रोज.

भाची : तसं नव्हे. मी सांगते ते वेगळं आहे. आपल्याकडे पिणं म्हणजे पुरुषांनी खोलीत बसायचं, शेंगदाणे नि शेव समोर, घोट घशाखाली ढकलायचा आणि तोंड वाकडं करायचं. बायका स्वयंपाकघरात. माझ्या आईला साठाव्या वर्षी पहिल्यांदा कैरीची हुर्राक-कांडी दिली. ती अंगणात बाबांच्या शेजारी बसून खाल्ली तिने. एकच. तिला ती आवडली, कारण तिच्यात पन्ह्याची चव होती. मोठ्या माणसांना गोड, थंड आणि गमतीचं काही हवंसं वाटूच नये का?

मामा : वाटावं की. तुझ्या आईने खाल्ली याचा मला आनंद आहे. पण तू भिजवलेल्या गोळीचं उत्तर दिलं नाहीस. एका गोळीने किती हुर्राक प्यायली?

भाची : ते... मोजलेलं नाही.

मामा : मोजता येणारही नाही. एक गोळी कमी पिते, एक जास्त. साच्यात ओतल्यावर त्या तळाशी जातात. एकाच्या कांडीत दोन येतात, दुसरीच्या कांडीत सहा. तू एवढ्या काटेकोरपणे तीन ग्रॅमचा हिशेब मांडलास आणि मग चार गोळ्या टाकून तो हिशेब स्वतःच मोडलास. तुझी कांडी खाणाऱ्याला आपण किती घेतली हे कळायला हवं. त्याला रात्री गाडी चालवत घरी जायचंय. कायद्याने रक्ताच्या १०० मिलीत ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल चालत नाही. पेग मोजायची सवय लोकांना आहे, गोळ्या कोण मोजतो?

भाची : मग गोळ्या कमी घालीन.

मामा : बाय, संख्येचा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा माझ्या धंद्यातला. मुंबईत शिकत होतो तेव्हा होळीला भांगेची थंडाई चुकून प्यायलेली पोरं वॉर्डात आलेली पाहिली आहेत. मोठ्यांनी ती पेल्यात घालून ओट्यावर ठेवलेली असायची. दुधाचा पेला पोराला ओळखीचा, ते पिणारच. काठीवरचं बर्फ आणि जेलीचं अस्वल, या दोन्ही वस्तू तर मुळात पोरांच्याच. कांडीचं पेटंट अमेरिकेत फ्रँक एपरसन यांना १९२४ साली मिळालं. आपल्याला ती अकराव्या वर्षी सुचली, असं ते सांगायचे. अस्वलाच्या आकाराची जेली जर्मनीतल्या बॉन गावच्या हान्स रीगल यांनी १९२२ साली बाजारात आणली. शंभर वर्षं या दोन वस्तू जगभरच्या मुलांना ‘ये, हे तुझं आहे’ असं सांगत आल्या आहेत. आणि तू त्यांच्यात दारू भरतेस.

भाची : फ्रीजरला कुलूप लावलं तर? कप्प्यावर चिठ्ठी लावली तर?

मामा : चार वर्षांच्या मुलाला चिठ्ठी वाचता येत नाही. आणि लहान मुलाच्या शरीरात दारू काय करते ते ऐक. मोठ्या माणसाच्या यकृतात साखरेचा साठा भरपूर असतो, मुलाच्या यकृतात थोडा. दारू पोटात गेली की यकृताचं नवी साखर तयार करण्याचं काम अडतं. मुलाची रक्तशर्करा झपाट्याने उतरू शकते. आई-बापांना वाटतं दमून झोपलं, आणि ते झोपेतच झटके द्यायला लागतं. मोठ्याला जी मात्रा जाणवतही नाही, ती दहा-बारा किलोच्या पोराला धोक्याची ठरू शकते.

यावर भाची बराच वेळ काही बोलली नाही. मामांचं म्हणणं म्हाताऱ्या माणसाची धास्ती म्हणून बाजूला टाकता येणार नाही. ब्रिटनमध्ये १९९५ च्या सुमाराला लिंबू सरबतासारखी लागणारी, चित्रविचित्र नावांची बाटलीबंद दारू आली तेव्हा शाळकरी मुलांपर्यंत ती पोहोचल्याचा मोठा गदारोळ झाला. १९९६ साली तिथल्या मद्य उद्योगाच्या पोर्टमन ग्रुपने नियम केले, त्यात अठरा वर्षांखालच्यांना खास आकर्षित करील असं वेष्टन किंवा नाव ठेवू नये ही अट होती. आणि जिथून ही गोळ्या भिजवण्याची हौस आली त्या अमेरिकेच्या १९३८ च्या अन्नकायद्यात, अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेली मिठाई भेसळ धरलेली होती; राज्यांना सूट देण्याची मुभा पुढे आली. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये हैदराबादेत व्हिस्की घातलेलं आइसक्रीम विकणाऱ्या दुकानावर उत्पादनशुल्क खात्याने छापा टाकला. घरी चार पाहुण्यांना देणं वेगळं आणि विकणं वेगळं, हे ज्यांना यातून धंदा सुचतो आहे त्यांनी पक्कं ध्यानात ठेवावं. गोव्यात दारूसाठी वयाची अट २१ आहे, महाराष्ट्रात कडक दारूसाठी २५. हुर्राकीच्या बाटल्या परवान्याशिवाय गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे नेणं हा गुन्हा आहे.

भाची : तुमचं सगळं ऐकून मला एक विचारायचंय. दारूला गोड केलं, सुंदर केलं म्हणून ती जास्त वाईट होते का? कडू असली म्हणजे ती प्रामाणिक?

मामा : ज्याला दारूची चव आवडते त्याच्यासाठी तू ती सुंदर कर, मी टाळ्या वाजवीन. पण ज्याला चव नको आहे त्याला साखरेआड लपवून पाजायची, याला माझा विरोध आहे. शेंदरी अस्वलाच्या पोटात हुर्राक आहे हे जिभेला कळतच नाही. कैरीच्या कांडीत कळतं. हुर्राकीला बोंडूचा तो उग्र, तुरट वास आहे, तो नाकाला लागला की खाणारा सावध राहतो. तुझ्या आईला कळलं होतं ना, ती काय खातेय ते?

भाची : कळलं होतं. म्हणून तर एकावर थांबली.

मामा : मग झालं.

झालं नव्हतं. भाचीला दाताखाली काहीतरी हवंच होतं, आणि तिचा हट्ट मला रास्त वाटतो. नुसतं बर्फ खाताना जीभ बधिर होते, चव कळेनाशी होते. मधे चिवट, गोड-खारट तुकडा आला की तोंड पुन्हा जागं होतं. ही जागा भरायला गोव्याकडे आणि कोकणाकडे स्वतःची मिठाई आहे, तिला जर्मन अस्वलाची गरज नाही.

भाची : पेराद घालते. पेरूची वडी. नाताळातली उरलेली असते, टिकाऊ असते. तिच्यात साखर इतकी असते की फ्रीजरमध्येही दगड होत नाही. राजम्याच्या दाण्याएवढे तुकडे करायचे, भिजवायचे नाहीत. आणि आंबापोळीच्या बारीक पट्ट्या. मामा, आंबापोळी गोठली की अशी चिवट लागते की बोलायलाच नको!

मामा : कोरडी घालायची?

भाची : कोरडी. दारू बर्फात, मिठाई कोरडी. तुमचा हिशेब शाबूत राहील. आणि जेलीतलं जिलेटिन जनावराच्या कातडी-हाडांचं असतं. तेही टळलं, माझे निम्मे पाहुणे शाकाहारी आहेत.

मामा : रंग?

भाची : पेराद तपकिरी-लाल, आंबापोळी गडद पिवळी. लहान मुलाला भुरळ पडेल असं त्यात फारसं नाही. वरून मीठ आणि तिखट लावते. पोरांनी जीभ लावली तर थुंकतील.

तिचं प्रमाण मी उतरवून घेतलं, ते असं. पाऊण लिटरभर मिश्रणाला, म्हणजे नऊ-दहा कांड्यांना, पाव लिटर हुर्राक. दोन-तीन मोठ्या कैऱ्या उकडून निघालेला ३०० ग्रॅम गर, १२० ग्रॅम साखर, साधारण दीडशे मिली पाणी, सढळ हाताने मीठ. मिश्रण चाखून पाहताना ते नेहमीच्या पन्ह्यापेक्षा गोड लागलं पाहिजे, कारण थंडीत गोडी कमी जाणवते. हिरवी मिरची उभी चिरून तासभर त्यात ठेवायची आणि काढून टाकायची. तशीच राहू दिली तर गोठताना तिचा तिखटपणा एका जागी साचतो. हुर्राक नसेल तर फेणीचं प्रमाण एक तृतीयांशावर आणायचं आणि राहिलेलं पाण्याने भरायचं. दुपारच्या उन्हात ही कांडी देऊ नये. थंड लागते म्हणून शरीर थंड होतं असं नाही. दारूने लघवी वाढते आणि घामाने आधीच कमी झालेलं शरीरातलं पाणी आणखी घटतं. ऊन उतरल्यावर, शेजारी साध्या पाण्याचा तांब्या ठेवून.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही.

भाची : आता तरी घरी करू ना? अंगणात भाऊ-वहिनी येणार आहेत.

मामा : त्यांची दोन्ही पोरं येणार आहेत का?

भाची : हो. पण ती जेवून झोपतील. कांड्या वरच्या कप्प्यात ठेवीन.

मामा : मग त्या दिवशी नको. निरोची कर, सगळ्यांसाठी एकच. पोरं सकाळी उठून फ्रीजर उघडतात.

भाची : मामा, या न्यायाने घरात मुलं असली की आई-बापांनी वीस वर्षं काही करूच नये.

मामा : बाटली ठेवा की कपाटात. बाटली पोराला खाऊ वाटत नाही. कांडी वाटते.

चवीच्या बाबतीत मी भाचीच्या बाजूचा आहे. कैरी, मीठ, मिरची आणि पेराद यांच्याबरोबर हुर्राक जितकी खुलते तितकी बाटलीबंद लिंबूपेयात खुलत नाही, आणि आया-मावश्यांना अंगणात खुर्ची मिळणार असेल तर तेवढ्यासाठीही ही कांडी व्हावी. रंगीत गोळ्या भिजवून भरण्याची हौस मात्र सोडून द्यावी. तिने पदार्थाला काही मिळत नाही आणि खाणाऱ्याला आपण किती घेतली ते कळत नाही. राहिला फ्रीजरचा प्रश्न. तिथे मी मामांच्या मागे उभा आहे. ज्या घरात लहान मूल राहतं किंवा त्या दिवशी येणार आहे, त्या घरात ही कांडी करू नये. कुलूप, चिठ्ठी, वरचा कप्पा यांवर विसंबू नये.

आणि एवढं करूनही एखाद्या मुलाने ती खाल्लीच, तर झोपून उतरेल म्हणून वाट पाहत बसू नका, उलटी करवण्याच्या भानगडीत पडू नका. मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्या आणि काय खाल्लं, किती खाल्लं ते डॉक्टरांना न लाजता सांगा.